सिस्टरचा पेशंट

"तोंड उघडा बाबा. अहो बाबा, इकडे बघा!"

बाबा बघत माझ्याकडेच होते, पण त्यांना मी दिसत नव्हते. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, बनियन पिळून काढावा इतका ओला झाला होता आणि दात असे आवळलेले की चमचा आत शिरेना. मी जोर लावला तर त्यांनी चमचाच चावून धरला. साखरेचं पाणी हनुवटीवरून ओघळून उशीवर सांडलं.

"ओतू नकोस, छातीत जाईल. सरक बाजूला," आई म्हणाली.

तिनं मला कोपरानं ढकललं, बाबांना कुशीवर वळवलं, वाटीतल्या साखरेत दोन थेंब पाणी घालून बोटानं कालवलं आणि त्यांच्या गालाच्या आतून चोळायला लागली. तिचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता.  "मशीन आण," ती म्हणाली. मी आणलं. तिनं त्यांच्या बोटाला टोचून पट्टीला रक्त लावलं. आकडा आला त्रेचाळीस.

"थोड्या वेळानं परत बघायचं. तोवर दूध गरम कर. रडत उभी राहू नकोस."

"मी कुठे रडतेय?"

"मग नाक पूस."

हळूहळू बाबांच्या डोळ्यांत ओळख आली. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय सिस्टर, आज एवढा लाड?"

असला माणूस. मरणाच्या दारातून परत आला आणि आल्या आल्या थट्टा. मी दुधाचं भांडं आदळलं आणि स्वयंपाकघरात जाऊन खरोखरच रडले.

बाबा आईला सिस्टर म्हणतात, तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हापासून. ते वीज कंपनीत लाइनमन होते. तरुणपणी शॉक लागून खांबावरून पडले आणि हात भाजून जनरल वॉर्डात येऊन पडले. ड्रेसिंग करणारी नर्स म्हणजे आमची आई. लग्न झालं, आम्ही दोघं झालो, ती हेडनर्स होऊन रिटायर झाली, तरी सिस्टर काही सुटलं नाही. आई त्यांना 'अहो' म्हणते आणि रागावली की 'पेशंट' म्हणते. मला घरात मिरची म्हणतात. का म्हणतात ते कळेलच. बस स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत दिवसभर लोकांची बोलणी खाल्ल्यावर माणूस घरी येऊन गोड बोलेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

घरात आम्ही तिघंच. दादा दुसऱ्या शहरात असतो आणि फोनवरून संसार चालवतो. त्या दिवशीही त्यानं फोनवर मला ऐकवलंच, "बाबांना वेळेवर जेवायला घालत जा गं. इन्शुलीन घेतल्यावर उपाशी ठेवायचं नसतं."

"असं का? मला वाटलं उपाशी ठेवून बघावं, काय होतं ते."

"चिडतेस कशाला? मी आपलं सांगितलं."

"तू आपलं ये आणि सांग," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, म्हातारपणी भूक कमी होते, आपण डोस कमी करू. केला. तरी काही दिवसांनी परत तेच. या वेळी वेळेत लक्षात आलं म्हणून बरं, पण माझा जीव टांगणीला लागला. खिडकीत बसलं तरी कान फोनकडे. एका प्रवाशाला भलत्याच गावाचं तिकीट दिलं आणि वर त्याच्याशीच भांडले.

आई हल्ली विसरायची. तोच प्रश्न परत विचारायची, आमटीत मीठ दोनदा पडायचं, चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधायची. वय झालंय, असं म्हणून मी सोडून देत होते. बाबांना इन्शुलीन तीच टोचायची, पण त्याबद्दल तर माझ्या मनात शंकाच आली नाही. चमचा चावून धरलेल्या माणसाला जिनं हात न थरथरता शुद्धीवर आणलं, तिच्यावर शंका कोण घेणार?

मग माझ्या सुट्टीचा दिवस आला. सकाळी आईनं फ्रिजमधून बाटली काढली, दोन्ही तळहातांमध्ये धरून अलगद घोळवली. हे मी लहानपणापासून बघत आले होते. बाटली हलवायची नाही, घोळवायची, आतलं औषध दुधासारखं पांढरट होईपर्यंत. मग सुई भरली, हवा काढली, बाबांच्या पोटाची चिमूट धरली आणि टोचलं. बाबांनी नेहमीप्रमाणे "मेलो!" म्हटलं. तिनं नेहमीप्रमाणे "अजून नाही," म्हटलं. मी चहा ठेवला. सगळ्यांचं खाणं झालं. मी भांडी घासायला घेतली.

आणि आतून आईचा आवाज आला. "अहो, शर्ट वर करा. इंजेक्शन राहिलंय तुमचं."

मला वाटलं, बाबा हसतील, झालंय म्हणतील. ते म्हणाले, "हो, हो. या सिस्टर."

साबणाचे हात घेऊन मी धावले. दारात पोहोचले तेव्हा सुई आत गेली होती. आईनं माझ्याकडे बघितलं. "काय गं? भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस?" म्हणाली आणि सुई टाकायला बाहेर निघून गेली.

बाबांनी गादीखाली हात घातला. ग्लुकोजची पुडी काढली, चिमटीनं तोंडात टाकली आणि चघळायला लागले. गोड खाताना माणसाचं तोंड इतकं कडू झालेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"सकाळी दिलंय तिनं तुम्हाला. माझ्यासमोर दिलंय."

"माहीत आहे."

"माहीत आहे? आणि शर्ट वर करून बसलात?"

"हळू बोल."

"हळू? हळू कसली बोलतेय! कधीपासून चाललंय हे?"

"झाले काही महिने. रोज नाही होत. एखाद दिवशी होतं." ते बोलता बोलता पुडीतली साखर मोजूनमापून खात होते. "लाइनीत करंट असला तरी काम करायचंच असतं, मिरचे. हातमोजे घालायचे आणि करायचं. हे माझे हातमोजे."

"मग त्या दिवशी चमचा का चावलात?"

"त्या दिवशी डोळा लागला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तो दिवसभराचा घोर, डॉक्टरांच्या खेपा, दादाची बोलणी, सगळं या माणसानं हसत हसत ओढवून घेतलं होतं. "मी आत्ता जाऊन तिला सांगते," म्हणून मी वळले तर त्यांनी माझं मनगट धरलं. लाइनमनची पकड अजून तशीच होती.

"ऐकून घे. मागच्या महिन्यात ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि तिला परतीचा रस्ता सापडेना. दुकानदारानं घरी आणून सोडलं. तुला सांगू नका म्हणाली. तो सगळा दिवस तिनं खुर्चीत बसून काढला, एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी माझ्या इंजेक्शनाची वेळ झाली, उठली. बाटली घोळवली, सुई भरली, टोचलं, सगळं जिथल्या तिथे. आणि मग जेवली, मिरचे. तेव्हा जेवली." त्यांनी माझं मनगट सोडलं. "ते काढून घेतलंस तर तिच्याजवळ काय राहील?"

"आणि तुम्ही गेलात तर काय राहील?"

 त्यांनी पुडी घडी करून परत गादीखाली सारली.

मी दिवसभर त्यांच्या उशाशी बसून दर थोड्या वेळानं बोट टोचत राहिले. आई येता जाता म्हणत होती, "अगं, किती टोचशील? माणूस आहे की उशी?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे एकटी गेले आणि सगळं सांगितलं.  ते म्हणाले, आईंची तपासणी करू, पण बाटली आजच घरातून काढा. इन्शुलीनचं पेन देतो, ते तुमच्या पर्समध्ये ठेवा आणि तुम्हीच देत जा. मी विचारलं, तिची बाटली काढून घेतली तर ती घर डोक्यावर घेईल, त्यात सलाइनचं पाणी भरून ठेवलं तर? त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सलाइन नवं, स्वच्छ वापरा. सुई दर वेळी नवी. तेवढ्यानं बिघडणार नाही," म्हणाले. "पण किती दिवस चालवणार?"

जितके दिवस चालेल तितके, मी म्हटलं. माझ्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

आणि चाललं की. सकाळी आई आंघोळीला गेली की मी पर्समधून पेन काढायची आणि काम उरकायची. संध्याकाळी आल्या आल्या, चप्पल काढायच्या आधी, तेच. मधल्या वेळात आई तिच्या बाटलीतून हवं तेव्हा टोचायची. बाबांच्या पोटावर टोचायला जागा उरली नव्हती, पण ते खूश. "दोन दोन सिस्टर मिळाल्या मला. कोणत्या मंत्र्याला मिळतात?" शुगर ताळ्यावर आली. ग्लुकोजची पुडी तशीच पडून राहिली. दादा फोनवर म्हणाला, "बघ, वेळेवर जेवण दिलं की झालं की नाही?" मी त्यालाही काही बोलले नाही, इतकी मी निवळले होते.

आईच्या डोक्याच्या फोटोत डॉक्टरांना जे दिसायचं ते दिसलं. गोळ्या सुरू झाल्या. पण गोळ्यांनी परत येत नाही, फक्त जायचं ते जरा सावकाश जातं, असं ते म्हणाले. तिचे काही दिवस धुक्यात जायचे. काही दिवस मात्र ती इतकी लख्ख असायची की मला वाटायचं, डॉक्टरांचंच काहीतरी चुकलंय. अशा दिवशी मी आनंदात असायची. अशाच दिवशी सावध राहायला हवं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या संध्याकाळी मी घरी आले तर आई खिडकीशी उभी होती. बाटली तिच्या तळहातांत होती. ती घोळवत होती, उजेडात धरून बघत होती आणि परत घोळवत होती. मी दारातच थिजले. इतकी वर्षं डोळ्यांसमोर बघत आले आणि नेमकं तेच मला सुचलं नव्हतं. सलाइन कितीही घोळवा, ते पांढरं होत नाही.

"हे गढूळ होत नाही," ती म्हणाली.

"नवीन प्रकार आलाय आई. आता असंच येतं."

तिनं लेबल वाचलं. मग सुई भरली, एक थेंब स्वतःच्या मनगटावर टाकला आणि वास घेतला. इन्शुलीनला दवाखान्यासारखा उग्र वास असतो. तिनं मनगट माझ्या नाकापुढे धरलं.

"पाणी आहे," ती म्हणाली. "कोणी भरलं?"

दिवसभर चार लोकांना गप्प करणारी मी, पर्सच्या चेनशी चाळा करत राहिले.

"सिस्टर, अहो, मीच सांगितलं तिला..." बाबा पलंगावरून म्हणाले.

"पेशंटनं मध्ये बोलायचं नाही." ती माझ्याकडेच बघत होती. "मी दोनदा देत होते?"

"एकदाच झालं तसं. चुकून."

"खोटं बोलू नकोस. एकदा झालं असतं तर तू पाणी भरलं नसतंस." तिनं खुर्चीची पाठ धरली. "ते साखर खायचे गुपचूप. मी पुडी बघितली होती. लाज नाही वाटत का, म्हणून बोलले होते मी त्यांना." तिचा आवाज एकदम खाली गेला. "दोनदा देत होते मी. माझ्या वॉर्डात एखाद्या पोरीनं असं केलं असतं तर तिला पेशंटच्या आसपास उभी केली नसती मी."

मला वाटलं होतं, कधी कळलंच तर ती भांडेल, आदळआपट करेल, मला घालूनपाडून बोलेल. भांडली असती तर किती बरं झालं असतं. मला भांडता येतं. हे असं उभं राहणं मला येत नव्हतं.

तिनं बेसिनवर हात धुतले, कोपरापर्यंत, जसे ती ड्यूटीवर धुवायची. केस नीट केले. मग बाबांच्या पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली.

"इकडे ये. इथे, माझ्या बाजूला. चार्ज घे."

"आई, कशाला असं..."

"चार्ज दिल्याशिवाय कोणी ड्यूटीवरून जात नसतं. नीट ऐक." आणि ती बोलायला लागली, कुठेही न अडखळता, सरळ, जणू उद्या सकाळी परत यायचं आहे. "पेशंटला शुगर जुनी. डाव्या पायाचं एक बोट काढलंय. त्या पायाला काही कळत नाही, म्हणून रोज संध्याकाळी तळवा उजेडात बघायचा, बोटांच्या बेचक्यांत बघायचं. गरम पाण्यात पाय बुडवू द्यायचा नाही, कितीही मागितलं तरी. प्रेशरची गोळी सुरू आहे, म्हणून झोपेतून एकदम उभं करायचं नाही. आधी कडेला बसवायचं. पाणी कमी पितो, मागे लागून पाजायचं. दुखलं तर सांगत नाही, विनोद करतो. जास्तच विनोद करायला लागला की समजायचं, दुखतंय."

"सिस्टर," बाबा म्हणाले, "पुरे ना."

"पडून राहा." ती थांबली. मला वाटलं, झालं. पण ती माझ्याकडे वळली. "सोबतीला बायको असते. तिची आठवण आता भरवशाची नाही. तिच्या हातात औषध द्यायचं नाही. ती मागेल. मी सिस्टर आहे म्हणून ओरडेल. तरी द्यायचं नाही. कळलं?"

"आई..."

"कळलं का विचारलं मी."

"कळलं."

"मग म्हण."

मला म्हणता येईना. तिनं वाट बघितली. ती वॉर्डातल्या पोरींसाठी अशीच वाट बघत असणार.

"तिच्या हातात औषध द्यायचं नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, बाटली माझ्या हातात दिली आणि सुयांचा डबा वर ठेवला. मग बाबांच्या अंगावरची चादर एकदा सारखी केली आणि बाहेर गेली. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पायाचं बोट काढलं तेव्हाही ते रडले नव्हते. आता त्यांची पाठ हलत होती आणि मी ती बाटली धरून तशीच उभी होते. मला स्वतःचा इतका राग आला की बाटली भिंतीवर फोडावीशी वाटली.

त्यानंतर आई फार लवकर खालावली. तो दिवस ती विसरली. मग वॉर्ड विसरली, मग दादाचा आवाज फोनवर ओळखेनाशी झाली. बाबा तिला "सिस्टर" म्हणून हाक मारतात आणि ती मागे वळून बघते, कोणाला बोलावतायत म्हणून. पण इंजेक्शन तिनं पुन्हा कधी मागितलं नाही, आणि आणखी एक गोष्ट तिच्यात कुठून रुजली ते मला कळलेलं नाही. मी बाबांचं करत असले की ती खोलीत येत नाही. सकाळी वेणीफणी करून दाराबाहेर उभी राहते. आत ये म्हटलं तरी आधी येत नाही.

आजही तशीच उभी होती. मी बाबांना टोचलं, पाय बघितले, पाणी पाजलं, सुई टाकली आणि म्हटलं, "या."

ती आत आली. पलंगापासून जरा लांब खुर्ची ओढून तिच्या पुढच्या कडेवर टेकली, हात मांडीवर घेऊन. बाबांनी तिच्याकडे हात केला, पण तिला तो दिसला नाही. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि पेशंटला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात विचारलं, "सिस्टर, कसे आहेत हो आता?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

"जेवतात का?"

"जेवतात."

"बरं," ती म्हणाली आणि लांबूनच त्यांच्याकडे बघत बसली.